डुबुक, टप आणि नुसती रेघ: शेनंडोआवर पॉपरचे चार दिवस

उत्तर व्हर्जिनियातून आय-66 महामार्ग धरून पश्चिमेला निघालं की तासा-सव्वा तासात फ्रंट रॉयल येतं. शेनंडोआ नदीचे नॉर्थ फोर्क आणि साउथ फोर्क हे दोन फाटे इथे एकत्र होतात. तिथून 340 नंबरचा रस्ता दक्षिणेला बेंटनव्हिल आणि पुढे लुरेला जातो. रस्ता दक्षिणेला जातो खरा, पण नदी उत्तरेकडे वाहते. त्यामुळे नकाशावर जे खाली दिसतं तेच नदीचं वरचं अंग. बोट कुठे सोडायची आणि कुठे काढायची हे ठरवताना नवख्याचा इथे हमखास गोंधळ होतो. एका हाताला ब्लू रिजचे डोंगर, दुसऱ्या हाताला मॅसानटन, मध्ये वळणं घेत जाणारा साउथ फोर्क, आणि त्यात स्मॉलमाउथ बास हा मासा. तो धरायचा पॉपरने, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या नकली आमिषाने.

बेत गुरुवार ते रविवारचा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला. सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला राज्याचा गोड्या पाण्याचा मासेमारी परवाना लागतो. तो ऑनलाइन मिळतो, पण नदीवर फोनला रेंज असेलच असं नाही, म्हणून आधीच छापून घ्यावा. मासा धरून सोडायचा हेही आधीच ठरलेलं. वेन्सबरोच्या एका कारखान्यात 1929 ते 1950 या काळात वापरलेला पारा वरच्या साउथ रिव्हरमध्ये उतरला आणि तिथून या नदीत आला. माशांत तो अजून सापडतो, म्हणून खाण्याबद्दल सरकारी इशारा आहे.

गुरुवार: लुरे, टेबलावर

कोकणात गरवायला बसताना गरीला कोळंबी नाहीतर माशाचा तुकडा लागतो. पॉपरला वास नाही की चव नाही. बुचाचा किंवा फोमचा तरंगता तुकडा, मागे पिसांची शेपूट आणि पुढे पाणी ढकलणारं तोंड, एवढंच त्याचं भांडवल. अमेरिकेत बुचाच्या पॉपरचं श्रेय साधारणपणे टेनेसीतल्या चॅटनूगाच्या अर्नेस्ट पेकिनपॉ यांना दिलं जातं, काळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही, आणि बिघडण्याच्या तऱ्हाही त्याच आहेत. बहुतेक चुका टेबलावर होतात आणि कळतात पाण्यावर, म्हणून गुरुवारची दुपार टेबलाला दिली.

बुचाचे बारा पॉपर घरूनच चिकटवून, रंगवून आणले होते, कारण पाच मिनिटांचं एपॉक्सी पाच मिनिटांत धरतं पण पूर्ण ताकद यायला रात्र जाते. गळ मस्टाड 33903, नंबर 6. नंबर जितका मोठा तितका गळ लहान: स्मॉलमाउथला 6 किंवा 4, लार्जमाउथ बासला 2, लहानशा सनफिशला 10. या गळाच्या दांडीला मधोमध कुबड असतं. सरळ दांडीवर बूच काही वेळाने गोल फिरतं, पॉपरचं तोंड खाली जातं आणि ओढला की तो पाण्यात सूर मारतो. कुबड बुचात रुतलं की फिरायला जागा उरत नाही.

बूच 10 मिलिमीटर व्यासाचं, 15 मिलिमीटर लांब, मागे किंचित निमुळतं घासलेलं. पोटाशी हॅकसॉच्या पात्याने लांबीभर खाच, 2 ते 3 मिलिमीटर खोल. इथे हात आवरायचा. खाच खोल गेली की दांडी बुचाच्या मध्यावर सरकते आणि गळाचं टोक व बुचाचं पोट यांच्यातली जागा आटते. मग मासा तोंड मिटतो तेव्हा त्याच्या जबड्यात बूच येतं, टोक बाहेरच राहतं. ‘आला, पण लागला नाही’ या तक्रारीमागे बरेचदा ही खाच असते. मोकळ्या गळात टोकापासून दांडीपर्यंत जेवढी जागा असते, तिच्यापैकी पाऊण तरी बूच बसवल्यावर उरली पाहिजे. एपॉक्सीत बुचाची भुकटी मिसळून खाच बुजवायची. आणि चिकटवण्याआधी दांडीवर धाग्याचे वेढे द्यायचेच, कारण गुळगुळीत पोलादावर एपॉक्सी टिकत नाही.

शेपटीचं काम इथे, लुरेत. 140 डेनिअरचा धागा. आधी हरणाच्या शेपटीच्या केसांचा आगकाडीएवढा झुबका, दोन्ही बाजूंना चमकीचे दोन-दोन धागे, मग कोंबड्याची चार पिसं, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. पिसांच्या चमकदार बाजू एकमेकींकडे केल्या की टोकं बाहेर फाकतात, बेडकाच्या मागच्या तंगड्यांसारखी. उलट लावली तर ती मिटून एकच काडी होते. लांबी गळाच्या दीडपट. त्याहून लांब पीस फेकताना गळाच्या बाकाला गुंडाळलं जातं आणि मग पॉपर चक्कर खात येतो. शेवटी एका पिसाचे चार-पाच वेढे म्हणजे कॉलर, गाठ, वार्निशचा थेंब. रबरी पाय सुईने बुचातून आरपार ओढून दोन्हीकडे तीन सेंटिमीटर ठेवायचे. रंगाने बुजलेलं नेढं आत्ताच सुईने मोकळं करायचं. नदीवर, संधिप्रकाशात, मासे वर येत असताना हे काम होत नाही.

उरलेले बारा फोमचे. इव्हीए फोमची तेवढ्याच व्यासाची कांडी आणि गामाकात्सु बी10एस गळ, नंबर 4. याची दांडी सरळ, म्हणून क्रम उलटा: आधी शेपूट, मग नेढ्यापर्यंत धाग्याचा खडबडीत थर, मग जेलचा सुपरग्लू, आणि शेवटी फोम पुढून आत सरकवायचा. भोक गरम दाभणाने आधीच पाडून ठेवायचं, तेही मध्यावर नको, खालच्या तिसऱ्या हिश्शात. ग्लू लागल्यावर चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात तोंड सरळ झालं नाही तर पॉपर वाकडाच राहतो. थर्मोकोलच्या वाटेला जाऊ नये. सुपरग्लू आणि नेलपॉलिश दोन्ही त्याला खातात, आणि सकाळी गळावर एक सुकलेला खड्डा लटकलेला सापडतो.

मग बादली. हा भाग लोक टाळतात आणि तिथेच चुकतात. प्रत्येक पॉपर बादलीत सोडून दोन मिनिटं तसाच ठेवायचा, पिसं पाणी पिईपर्यंत. बरा पॉपर तोंड वर आणि शेपूट पाण्याखाली ठेवून तिरका बसतो, साधारण तीस अंशांत. मॅराबूची, म्हणजे मऊ भुरभुरीत पिसांची, शेपूट असलेला एक पहिल्या मिनिटाला छान बसला, दुसऱ्या मिनिटाला बाटलीसारखा उभा झाला. मॅराबू भिजली की जड होते. अर्धी कापली, सुधारला. दुसरा एका कुशीवर कलंडला होता, कारण फोमचं भोक एका अंगाला गेलेलं. त्याच्या वरच्या अंगाचा फोम ब्लेडने तासला तेव्हा सरळ झाला, दिसायला मात्र बावळट. माशांना चालतो.

तोंडं तीन प्रकारची ठेवली होती, आणि नावं आवाजावरून पडली. खोलगट वाटीचा ‘डुबुक’, सपाट तोंडाचा ‘टप’, आणि टोकदार नाकाचा, ज्याला इथे स्लायडर म्हणतात, तो आवाज न करता पाण्यावर नुसती रेघ ओढतो.

शुक्रवार: फॉस्टर्स ते बेंटनव्हिल

पाणी कमी आणि काचेसारखं. फॉस्टर्सच्या धक्क्यावरून दोन कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, सोडल्या. इथे नदीच्या तळाशी खडकाचे पट्टे आडवे पडलेत, पायऱ्यांसारखे. पायरीच्या लगेच खालची गडद जागा, प्रवाहाची वेगवान आणि संथ धार जिथे घासते ती शिवण, आणि काठच्या सिकमोरच्या झाडांची सावली, या तीन जागी पॉपर टाकायचा. बाकीची नदी बघायला छान.

रॉड नऊ फुटी, सेव्हन-वेट, म्हणजे सात नंबर वजनाची लाइन पेलणारा. लाइन तरंगती, पुढचा भाग आखूड आणि जड. पॉपर हवेला अडतो, त्यामुळे ट्राउटच्या नाजूक लाइनने तो पुढे जात नाही. लीडर, म्हणजे लाइन आणि पॉपर यांच्यातला बारीक दोर, नऊ फूट; त्याचा शेवटचा दोर 10 ते 12 पौंड ताण सोसणारा. बारीक दोर घेतला तर पॉपर हवेत गिरक्या घेतो आणि दोराला पीळ पडतो. नेढ्याला घट्ट गाठ मारू नये, न सरकणारा छोटा फास ठेवावा. त्या फासात पॉपर मोकळा डुलतो.

पॉपर फेकण्यापेक्षा उचलणं अवघड. लाइन ढिली असताना रॉड झटकन वर घेतला की वाटीचं तोंड पाणी पकडतं, पॉपर बुडी मारतो, मग ताणाने सुटून सरळ तोंडावर येतो. म्हणून आधी रॉडचं टोक पाण्याला टेकवून ढिली लाइन ओढून घ्यायची, रॉड सावकाश उचलायचा, आणि पॉपर बुडायला लागलाच तर पुढे एक रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न नेता पुढे गुंडाळत टाकलेला फेक, मारून त्याला पाण्यातून सोडवायचं. तो हवेत असतानाच मागचा फेक घ्यायचा. मागे लाइन पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर पॉपर मागच्या खडकावर आपटतो. त्याचा टणक आवाज आला की पुढच्या फेकीआधी गळाचं टोक नखावर घासून बघावं. नखावर अडलं तर धार आहे, घसरलं तर कानस काढा.

कनू आणि पॉपर एकाच गतीने वाहायला हवेत. म्हणून काठाकडे, पण किंचित पुढे, प्रवाहाच्या दिशेने टाकायचा. मागे टाकला तर कनू पुढे जाते, लाइन ताणते आणि पॉपर मोटरबोटीसारखा लाटा काढत येतो. सनफिश त्यामागे धावतात, बास बघतही नाही.

सकाळी नऊपर्यंत ‘टप’ चालला. पॉपर पडतो, वर्तुळं उठतात. ती विरेपर्यंत हात हलवायचा नाही. पाच सेकंद, स्वच्छ पाण्यात दहा. मग रॉड खाली ठेवून डाव्या हाताने लाइन फक्त वीतभर ओढायची. टप. पुन्हा थांबा. घेणारा मासा बहुतेकदा या थांबण्यात घेतो. लोकांना आवाज काढण्याचा मोह होतो. सतत टपटप करत आलेल्या पॉपरला इथले मासे ओळखून आहेत असं वाटावं इतके ते दूर राहतात.

साडेनवाला काठच्या डोंगरातून मालगाडीची शिट्टी आली. स्मॉलमाउथ या खोऱ्याचा मूळचा नाही, तो रेल्वेनेच पोटोमॅकमध्ये, म्हणजे शेनंडोआ जिला मिळते त्या नदीत, आला. 1854 मध्ये व्हीलिंगजवळच्या ओढ्यातले मासे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून कंबरलँडला आणले आणि तिथल्या कालव्यात सोडले. पोटोमॅकमधून ते इकडे पसरले. आज ज्याला सगळे ‘आपला’ मासा म्हणतात तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा पाहुणा आहे, आणि त्याचे दिवसही सोपे गेलेले नाहीत. 2005 च्या वसंतात साउथ फोर्कवर मोठे बास प्रचंड संख्येने मेले, आणि त्याला एकच एक कारण सापडलं नाही.

ऊन चढल्यावर ‘टप’ला मासे उठेनात. पाण्यावर निळ्या डॅमसेलफ्लाय, म्हणजे चतुराच्या बारीक चुलत बहिणी, गवताच्या पात्यांवर बसत होत्या. निळा, सडपातळ स्लायडर, नंबर 6, सावलीत टाकून अजिबात न हलवता वाहू दिला. दुपारचा स्मॉलमाउथ धडक मारत नाही. पाण्यावर रुपयाएवढं वर्तुळ होतं आणि पॉपर तिथे नसतो, एवढंच. नजर हटली तर कळतही नाही.

माशाला गळ लावण्याची चूकही दुपारीच जास्त होते. पाणी उसळलं की रॉड वर झटकायचा, ही ट्राउटवाल्यांची सवय. त्याने पॉपर माशाच्या तोंडातून निघून येतो. डोळ्यांवर नाही, हातावर विसंबायचं: लाइनला वजन लागलं की आधी डाव्या हाताने लांब ओढायची, मग रॉड उचलायचा. आणि टुकटुक असे बारीक धक्के बसत असतील, लागत काहीच नसेल, तर तो दोष आपला नाही. लालपोट्या सनफिशचं तोंड लहान असतं, ते शेपटीची टोकं ओढत असतात. पिसं आखूड कापा, नाहीतर जागा बदला.

बेंटनव्हिलच्या आधी कॉम्प्टन रॅपिड हा खळाळ लागतो, दुसऱ्या श्रेणीचा. त्याआधी रॉड आडवे बांधायचे आणि पॉपर रॉडच्या कडीत अडकवायचे. सुटा पॉपर कनूत नाचायला लागला तर तो बाहीला नाहीतर कानाला लागतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला असेल तर निघतो तरी लवकर. मासा सोडतानाही तेच: काटा दाबलेला, हात ओले, अंगठ्याने खालचा ओठ धरून सरळ टांगता किंवा पोटाखाली दुसरा हात. जबड्यावर आडवा तोलू नये, मोठ्या माशाचा जबडा त्याने दुखावतो.

चारला मॅसानटनमागे गडगडलं. कार्बनचा नऊ फुटी रॉड म्हणजे हातात धरलेली विजेची तार. पहिल्या गडगडाटाला काठावर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

शनिवार: लेक अ‍ॅरोहेड

रात्रभर वरच्या अंगाला पाऊस. सकाळी नदी मातकट, चहात दूध जास्त झाल्यासारखी. अशा पाण्यात पॉपर चालतच नाही असं नाही. काळा, मोठा ‘डुबुक’ काठाला चिकटून टाकावा लागतो, कारण पाणी वाढलं की मासे काठाच्या आडोशाला येतात. पण वाहत्या ओंडक्यांमध्ये कनू घालण्यात अर्थ नव्हता. लुरेजवळच्या लेक अ‍ॅरोहेडवर गेलो. तळ्याचे नियम नदीहून वेगळे असतात, फलक वाचूनच पाण्याला हात लावावा.

इथे लार्जमाउथ. मराठी माणसाला हा मासा समजावायचा तर मरळ आठवावी: शेवाळ, कमळाची पानं, बुडालेली फांदी, तिच्या कडेला दबा आणि वर काही हललं की भस्सकन. (मरळीची चुलत भावंडं इथेही आली आहेत. पोटोमॅकमध्ये 2004 पासून नॉर्दर्न स्नेकहेड आहे, आणि पॉपर तिलाही आवडतो.) नदीतला 6 नंबर इथे अपुरा. 2 नंबरचा गळ, 12 मिलिमीटरचं तोंड, आणि टोकाला गवतरोधक: जाड मोनोचा, म्हणजे एकपदरी नायलॉनचा, 20 पौंडांचा फास. एक टोक बाकाच्या सुरुवातीला बांधायचं, दुसरं नेढ्यामागे, आणि फास गळाच्या टोकाच्या पाच-सहा मिलिमीटर खाली राहील इतका ठेवायचा. 30 पौंडांचा मोनो घेतला तर गवत अडत नाही, पण मासाही लागत नाही.

पानांच्या आत नव्हे, कडेने टाकायचं. शक्य तर पॉपर पानावरच पडू द्यायचा आणि मग तिथून अलगद पाण्यात उतरवायचा: बेडूक असाच उतरतो. डुबुक एकदाच. मग थांबा. इथे थांबण्याची परीक्षा नदीपेक्षा मोठी, वीस-पंचवीस सेकंदांची. सूर्य झाडांवर येण्याआधीच्या दीड तासात चार घेतले, नंतर तळं झोपलं. दुपारी 10 नंबरचे पॉपर काढून सनफिश. मुलांना गरवायला शिकवायचं तर यासारखी शाळा नाही.

रविवार: बेंटनव्हिलचं स्टेट पार्क, संध्याकाळ

दुपारपर्यंत गढूळपणा उतरला. पाण्यात उभं राहून गुडघ्याखालचा बूट दिसला की पॉपरला पुरे. पार्कला नदीचा पाच मैलांहून जास्त काठ आहे, उतरायला जागा भरपूर. खडक शेवाळलेले असतात. साध्या चपलेने जाऊ नये, आणि प्रवाह ओलांडताना एक पाय रुतल्याशिवाय दुसरा उचलू नये.

आठच्या सुमारास पाण्यावरून पांढऱ्या माश्या उठायला लागल्या. इफोरॉन नावाची ही मेफ्लाय जुलैअखेर ते ऑगस्ट, अंधार पडता पडता येते. आधी पाच-दहा, मग दिव्याभोवती पावसाळ्यात किडे जमतात तशी दाटी, सगळी नदीवर. मासे तेव्हा पृष्ठभागावरच असतात, आणि नेमकं तेव्हाच पॉपर अपयशी ठरतो. लाखो खऱ्या माश्यांमध्ये एक नकली माशी कोण शोधणार? दोन गोष्टी जमल्या. एक, पांढरा स्लायडर, 8 नंबरचा, पाय कापून टाकलेला, उठलेल्या वर्तुळाच्या फूटभर वर टाकून न हलवता वाहू दिला. दुसरी याच्या उलट: माश्यांची दाटी सुरू होण्याआधीची वीस मिनिटं आणि संपल्यानंतरची दहा, तेव्हा पांढरा ‘टप’. हातात रॉड असताना दाटीच्या वेळी काही न करणं अवघड, पण त्या वेळी लीडरचा शेवटचा दोर बदलून घ्यावा. दिवसभरात खडकांवर घासून फासाजवळचा इंचभर दोर खरखरीत झालेला असतो. बोटांत फिरवला की कळतं.

नऊला हेडलॅम्प लावून गाडीपाशी डबा उघडला. ओली पिसं बंद डब्यात राहिली तर दोन दिवसांत गळ गंजतात, म्हणून सगळे पॉपर डॅशबोर्डवरच्या फोमच्या पट्टीत टोचले. चोवीसपैकी सतरा धड परत आले. तीन सिकमोरच्या फांद्यांवर, एक माशाबरोबर गेला (दोर बदललेला नव्हता), एक मागच्या फेकीत खडकावर फुटला. उरलेल्या दोघांचं बूच गोल फिरत होतं. तिथेच ब्लेडने उघडून पाहिलं. एपॉक्सी व्यवस्थित, कुबड व्यवस्थित, पण दांडी चकचकीत: त्या दोघांवर धाग्याचे वेढे द्यायचे राहिले होते.